कोनदार जाड अक्षरे : फलकावर कुठे शोभतात, कुठे फसवतात

दुकानाचा नवा फलक करावयाचा म्हटले की आपले बहुतेक व्यापारी बंधू फ्लेक्सच्या दुकानात जाऊन ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. तो संगणकावर अक्षरांची लांबलचक यादी खाली-वर फिरवतो आणि विचारतो, "यातलं कोणतं घेऊ?" मग यादीतील सर्वांत जाड आणि सर्वांत दणकट दिसणाऱ्या अक्षरावर बोट ठेवले जाते. अक्षर जाड असले म्हणजे लांबून दिसेल, हा त्यामागचा हिशोब. अक्षर लांबून दिसते हे खरेच. पण दिसणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. फलकाचे पैसे आपण दुसऱ्या गोष्टीसाठी मोजतो.

हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी नाव आधी असावे आणि त्याची अक्षरे अन्य कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशी अट त्यात घातली गेली. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांत फलक लावण्यास सांगितले. तेव्हापासून इंग्रजी नावाखाली कोपऱ्यात बारीक मराठी लिहून भागत नाही. फलकावर मुख्य काम देवनागरी अक्षरालाच करावे लागते, आणि म्हणून त्या अक्षराची पारख दुकानदाराला असणे हा व्यवहाराचा भाग झाला आहे.

सध्या सर्वांत जास्त मागणी असते ती कोनदार जाड अक्षराला. ज्यात गोलाई जवळजवळ नाही, व किंवा ठ यांची पोटे चौकोनी झालेली आहेत, टोके सरळ कापलेली आहेत आणि रेषा सगळीकडे सारखी जाड आहे, असे हे अक्षर. फॅब्रिकेशनवाले, हार्डवेअर, टायर, बॅटरी, ट्रान्सपोर्ट, व्यायामशाळा, मोटार गॅरेज या सर्वांना ते आवडते. आवडण्यात चूक काहीच नाही. पण ते कोठून आले हे समजले तर ते कोठे वापरावे हेही आपोआप समजते.

हत्यार आणि माल अक्षर ठरवतो

कोनदार अक्षर हे कोणा डिझायनरच्या डोक्यातून निघालेली फॅशन नव्हे. ज्या वस्तूवर अक्षर काढायचे ती वस्तू आणि ज्याने काढायचे ते हत्यार, या दोघांनी मिळून ते घडवले. बोरूने कागदावर लिहिताना हात सहज वळतो, म्हणून आपली बाळबोध अक्षरे गोल आणि जाड-बारीक अशी झाली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) पुस्तकांसाठी जे सुरेख खिळे पाडले, तेही याच गोल वळणाचे. परंतु बोरूच्या जागी छिन्नी, सुरी किंवा करवत आली की गोलाई महाग पडू लागते. सरळ रेषा एका घावात होते, गोल रेषेला दहा घाव लागतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कुफी खत. इराकमधील कुफा शहराचे नाव मिळालेले हे अरबी अक्षर सुरुवातीच्या शतकांत चर्मपत्रावरील कुरआनच्या प्रतींसाठी वापरले गेले. त्यात उभ्या-आडव्या रेषांना मान होता. पुढे इराण व मध्य आशियातील गवंड्यांनी इमारतींच्या भिंतींवर विटा आणि रंगीत फरशीचे तुकडे बसवून मजकूर काढायला सुरुवात केली, तेव्हा वीट चौकोनी म्हणून अक्षरही पूर्ण चौकोनी झाले. त्यालाच चौकोनी कुफी म्हणतात. आपल्या देशात दिल्लीला कुतुबच्या आवारात तेराव्या शतकातील इल्तुतमिशचा मकबरा आहे, तेथे दगडात कोरलेले कुफी आजही पाहावयास मिळते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चौकोनी कुफी वाचायला फार कठीण असते आणि तरीही तेथे चालून गेले, कारण भिंतीवरचा मजकूर बघणाऱ्याला आधीच तोंडपाठ असे. अक्षर त्याला फक्त आठवण करून देत होते. आपल्या दुकानाचे नाव रस्त्याने जाणाऱ्याला तोंडपाठ नसते. हा फरक विसरला की फलक फसतो.

युरोपातही हेच घडले. जर्मनीतील रूडॉल्फ कॉख या कारागिराने १९२३ साली 'नॉयलांड' नावाचे जाड, ठोकळ्यासारखे अक्षर केले ते आधी कागदावर आकृती न काढता थेट धातूत कोरून. त्यामुळे त्यात हाताच्या घावाचा कोन उतरला. अमेरिकेत १९७० च्या सुमारास आलेले 'मशीन' नावाचे अक्षर तर सर्व गोलाई काढून टाकून कोपरे तिरपे छाटलेले होते. खेळाडूंच्या बनियनवर पाठीमागे जो आकडा असतो तो याच जातीचा. कापड कात्रीने सरळ कापायचे आणि शिवून टाकायचे, एवढाच त्यामागचा विचार.

आणि हे सर्व आपल्याला नवे आहे असेही नाही. भांड्यावर नाव घालणारा कारागीर छोट्या छिन्नीने टक-टक करीत ताटावर, तांब्यावर अक्षरे पाडतो तेव्हा त्याचा ग, म, स हे सगळे सरळ रेषांचे तुकडे असतात. खामगावचा चांदीचा बाजार आणि कापसाचा बाजार दोन्ही जुने. जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली झाला तो कापसाच्याच वाहतुकीसाठी. प्रेसमधून निघणाऱ्या रुईच्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालण्याचे बंधन १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने घातले होते. गाठीवर असे आकडे घालायचे तर कापलेला पत्रा ठेवून वरून काळा रंग फिरवणे हा सोपा मार्ग, आणि पत्रा कापायचा तर अक्षर कोनदार होणार, हे ठरलेलेच. म्हणजे आज जे अक्षर संगणकावर 'मॉडर्न' म्हणून विकले जाते, ते आपल्या बाजारात गाठीवर आणि भांड्यावर आधीपासून होते.

देवनागरीत कोन आणला की काय होते

इंग्रजीचे कॅपिटल अक्षर मुळातच सरळ रेषांचे आहे. ए, ई, एच, के, एम, टी यांत गोलाई नावालाही नाही. त्यामुळे तेथे कोनदार जाड अक्षर सहज जमते. देवनागरीचे तसे नाही. आपल्या कित्येक अक्षरांची ओळखच गोलाईत, गाठीत किंवा एखाद्या छोट्या फटीत असते. रेषा जाड केली की पहिल्यांदा बुजते ती ही फट.

धंद्याच्या दृष्टीने कोणती अक्षरे धोक्याची ते पाहू. ब आणि व यांत फरक फक्त पोटातल्या तिरप्या रेघेचा. अक्षर जाड झाले की पोट लहान होते, रेघ त्यात मावत नाही, आणि 'बेकरी'ची 'वेकरी' होते. प आणि ष यांचेही तसेच. भ आणि म यांत फरक डाव्या बाजूला शिरोरेषेत असलेल्या फटीचा आणि तेथील छोट्या वळणाचा. जाड शिरोरेषेत ती फट बुजली की 'भाई'ची 'माई' झालीच म्हणून समजा. ध आणि घ, थ आणि य या जोड्याही याच कारणाने घोटाळा करतात. 'धान्य भांडार' हे लांबून 'घान्य मांडार' वाचले गेले तर गिऱ्हाईक हसेल, आणि एकदा हसलेले गिऱ्हाईक ते चार जणांना सांगेल. ख ची गोष्ट तर जुनीच आहे. डावा भाग उजव्या भागाला खालून जोडलेला नसेल तर ख चे 'रव' होते. आपल्यात खान आडनावाची दुकाने कमी नाहीत. 'खान ट्रेडर्स' हे 'रवान ट्रेडर्स' दिसू नये यासाठी तो जोड ठळक आहे की नाही हे प्रत्येकाने स्वतः पाहिले पाहिजे. ऑपरेटरला रोज शंभर नावे टाइप करायची असतात, त्याच्या नजरेला ते दिसणार नाही.

ट, ठ, ढ, द, ड, ह, इ, झ ही अक्षरे गोल आहेत. चांगला डिझायनर यांना कोनदार करताना फार विचार करतो. कोठे कोपरा ठेवायचा आणि कोठे थोडी गोलाई राहू द्यायची हे ठरवतो. वाईट फॉन्टमध्ये ठ चा नुसता चौकोनी डबा होतो आणि ढ च्या पोटातली गाठ काळ्या ठिपक्यासारखी दिसते.

याखेरीज ल आणि श यांचा प्रश्न आहे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श वापरतात. हिंदीत त्यांचे रूप निराळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित करताना हीच मराठी रूपे ठरवून दिली. अनेक फॉन्टमध्ये आपोआप हिंदी रूप येते. काही फॉन्टमध्ये मराठी रूप आत ठेवलेले असते, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. हिंदी रूपामुळे वाचायला अडते असे नाही, पण मराठी गिऱ्हाइकाच्या नजरेला फलक परका वाटतो.

तर मग फॉन्ट पारखायचा कसा? त्यासाठी आपल्या जिल्ह्यापेक्षा चांगली कसोटी मला तरी सापडलेली नाही. 'बुलढाणा' हा एकच शब्द लिहून पाहावा. त्यात ब आहे, उकार आहे, ल आहे, ढ आहे आणि ण आहे. मग 'खामगाव' लिहावे, ख आणि म कळतील. 'शेगाव'मध्ये श, 'मोताळा'मध्ये ळ, 'देऊळगाव राजा'मध्ये ऊ, 'संग्रामपूर'मध्ये जोडाक्षर आणि अनुस्वार, 'सिंदखेड राजा'मध्ये वेलांटीवरचा अनुस्वार आणि ड. 'धाड' या गावाचे नाव तर फार कामाचे. ते 'घाड' दिसले तर तो फॉन्ट तेथेच बाजूला ठेवावा. तेरा तालुक्यांची नावे ज्या फॉन्टमध्ये दहा पावलांवरून नीट वाचता येतात, त्या फॉन्टमध्ये आपल्या दुकानाचे नाव फसण्याची शक्यता फार थोडी. ऑपरेटरकडे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

कोणते फॉन्ट आणि कशाकरिता

पूर्वी चांगली मराठी अक्षरे मिळवायची तर विकत घ्यावी लागत किंवा चोरून वापरली जात. आज अशी सबब राहिलेली नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने २०१४ च्या सुमारास तेको, खंड, राजधानी आणि सरपंच ही चार देवनागरी अक्षरवळणे मुक्त परवान्यावर दिली. ती गूगल फॉन्ट्सवरून कोणालाही उतरवून घेता येतात, धंद्यासाठी वापरता येतात, फलक, पेटी, बिलबुक, शिक्का कशावरही छापता येतात. तो फॉन्टच वेगळा काढून विकायचा नाही, एवढेच बंधन. चारही कोनदार किंवा चौकटीदार वळणाची आहेत, पण स्वभाव वेगळे. तेको आणि खंड अंगाने अरुंद, म्हणून लांब नावाला सोयीचे. 'स्टील फॅब्रिकेशन अँड वेल्डिंग वर्क्स' असे नाव दहा फुटांत बसवायचे तर रुंद अक्षर अगदी बुटके करावे लागते. अरुंद अक्षर उंच ठेवता येते. राजधानी थोडे मोकळे आणि हलके आहे. सरपंच मात्र फार जोरकस; त्याचे सर्वांत जाड रूप एका किंवा दोन शब्दांपुरतेच वापरावे.

यांच्या उलट स्वभावाचे म्हणजे मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'बालू'. तेही जाडच, पण गुबगुबीत आणि गोल. मिठाई, बेकरी, खेळणी, मुलांचे कपडे, आइस्क्रीम यांना तेच शोभेल. केकच्या दुकानावर कोनदार जाड अक्षर घातले तर ते लोखंडाचे दुकान वाटते. अत्तर, सुरमा, युनानी औषधे, लग्नाच्या पत्रिका, कापडातील साड्या-ओढण्या यांनाही कोनदार अक्षर घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. माल नाजूक आणि अक्षर राकट, हे जुळत नाही. उलट कुलूप, तिजोरी, पंप, शेतीची अवजारे, शटर, ट्रॅक्टरचे सुटे भाग यांना ते अगदी बसते, कारण तेथे गिऱ्हाईक मजबुती विकत घ्यायला येते.

एक नियम मात्र सर्वांना सारखा. कोनदार जाड अक्षर नावापुरते. मालाची यादी, पत्ता, फोन नंबर, 'येथे सर्व प्रकारचे...' हा मजकूर त्यात मुळीच लिहू नये. त्यासाठी 'मुक्ता'सारखे साधे, मोकळे अक्षर घ्यावे. तेही एक टाइपचे असून मुक्त परवान्यावर मिळते. सगळा फलक जाड अक्षरात भरला म्हणजे कशालाच जोर राहत नाही. दहा जण एकदम ओरडले की कोणाचेच ऐकू येत नाही, तशातला प्रकार.

थोडा हिशोब

फलकाच्या धंद्यात एक ढोबळ माप चालते : एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येते. हे माप इंग्रजी कॅपिटल अक्षरासाठी आहे, आणि तेथेच आपली फसगत होते. समजा, आपला फलक दहा फूट रुंद आणि तीन फूट उंच आहे. त्यातील निम्मी उंची, म्हणजे अठरा इंच, नावाला दिली. इंग्रजीत अठरा इंचांचे अक्षर पूर्ण अठरा इंच दिसेल. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते. मधले मुख्य अक्षर राहते नऊ-दहा इंचांचे. म्हणजे तो फलक नव्वद-शंभर फुटांवरून वाचता येईल, एकशे ऐंशी फुटांवरून नव्हे.

आता रस्त्यावरचा माणूस पाहा. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे छत्तीस फूट जाते. शंभर फूट कापायला तिला पावणेतीन सेकंद लागतात. तेवढ्यात तो दोन, फार तर तीन शब्द वाचणार. ते तीन शब्द कोणते हे आपण ठरवायचे. मलकापूर किंवा नांदुऱ्यात हमरस्त्यावर दुकान असणाऱ्याला हा हिशोब फार महत्त्वाचा; गावातल्या गल्लीत, जेथे गिऱ्हाईक पायी येते, तेथे तितका नाही. सैलानीच्या यात्रेत तात्पुरते दुकान लावणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. तेथे अंतर थोडे असते, पण माणसांची डोकी मध्ये येतात, म्हणून अक्षराच्या जाडीपेक्षा फलकाची उंची कामाला येते.

नाव फलकात बसत नाही म्हणून ऑपरेटर अक्षर उंचीने तेवढेच ठेवून रुंदीने दाबतो, किंवा जागा उरली तर ओढून रुंद करतो. असे करू देऊ नये. रुंद ओढलेल्या अक्षरात उभ्या रेषा फुगतात आणि आडव्या तशाच राहतात. कोनदार अक्षरात हा बिघाड चटकन डोळ्यांत भरतो. अरुंद हवे तर मुळात अरुंद असलेला फॉन्ट घ्यावा. अक्षराभोवती पांढरी, मग लाल, मग पिवळी अशा तीन-तीन कडा घालण्याचीही एक खोड आहे. प्रत्येक कड अक्षराच्या पोटात थोडी शिरते, आणि ब चे पोट पुन्हा बुजते.

रात्री आतून उजेड असलेला फलक करणार असाल तर निवडलेल्या जाडीपेक्षा एक पायरी बारीक अक्षर घ्यावे. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ अक्षर डोळ्याला असते त्याहून जाड भासते आणि आतल्या फटी उजेडाने भरून जातात. रंगाचे फार सांगत नाही. शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर कोणत्याही रेल्वे स्टेशनची पिवळ्यावर काळ्या अक्षरांची पाटी पाहिली की पुरे.

उर्दू सोबत असेल तर

आपल्यातील कित्येक दुकानांवर मराठीसोबत उर्दू नावही असते आणि ते असायला कोणतीही हरकत नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकात मराठीखाली उर्दू होते; त्यावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही असा निकाल दिला. दुकानाच्या बाबतीत मराठी आधी आणि ती लहान नको, एवढे पाळले म्हणजे झाले.

अडचण आहे ती रचनेची. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते आणि सरळ ओळीत चालते. नस्तालीक उजवीकडून डावीकडे येताना वरून खाली उतरत येते, त्याला उंची जास्त लागते आणि त्याचा सारा डौल गोलाईत आहे. शेजारी कोनदार जाड देवनागरी ठेवली की नस्तालीक बिचारे दबून जाते. काही जण मग नस्तालीकलाच बाहेरून कड देऊन जाड करतात. ते तर दिसवत नाही. यावर दोन उपाय आहेत. उर्दू नस्तालीकच हवे असेल तर देवनागरी मध्यम जाडीची घ्यावी आणि उर्दूला स्वतंत्र पट्टी द्यावी, तिच्यात वर-खाली भरपूर जागा सोडावी. किंवा देवनागरी कोनदारच हवी असेल तर उर्दू नाव नस्खी अथवा कुफी वळणाच्या फॉन्टमध्ये घ्यावे. त्यांची ओळ सरळ असते, मग दोन्ही लिप्या शेजारणींसारख्या नांदतात. मात्र उर्दू नाव फॉन्टमध्ये टाइप केल्यावर जाणत्या माणसाला दाखवूनच छपाईला द्यावे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे सुटी-सुटी पडतात किंवा ओळ उलटी होते आणि ऑपरेटरला ते कळत नाही. मराठीचेही हेच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडते. तेव्हा अंतिम फाइल अक्षरांचे 'कर्व्हज' करून घ्यावी आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

कारागिरांसाठी

आतापर्यंत फलक करवून घेणाऱ्याचे झाले. पण आपल्यातील अनेक जण फलक करणारे आहेत : वेल्डर, फॅब्रिकेटर, सुतार, रेडियमवाले आणि जे काही थोडे उरले आहेत ते पेंटर. कोनदार अक्षराचा खरा फायदा त्यांना आहे.

पत्रा किंवा एसीपी शीट कापून उठावाची अक्षरे करायची तर सरळ रेषा ग्राइंडरने, जिगसॉने कापता येते. गोल अक्षराला मशीन लागते. इंग्रजी नावात प्रत्येक अक्षर सुटे, ते भिंतीवर एकेक करून ओळंब्यात बसवावे लागते. देवनागरीत शिरोरेषा संपूर्ण शब्दाला बांधून ठेवते. शिरोरेषेची एक मजबूत पट्टी घेतली, तिच्या खाली अक्षरे वेल्ड केली की अख्खा शब्द एका तुकड्यात तयार होतो आणि चार ठिकाणी ठोकला की बसतो. हे आपल्या लिपीचे देणे आहे. सुटे राहतात ते अनुस्वाराचे टिंब आणि चंद्रबिंदू. त्यांना मागून बारीक सळईने शिरोरेषेशी जोडावे; नाहीतर पहिल्या वावटळीत अनुस्वार उडतो आणि 'संगम'चा 'सगम' होतो.

स्टेन्सिलचे काम याच्या बरोबर उलट. तेथे शिरोरेषाच अडचण करते. ती वरून बंद झाल्यामुळे प, म, स, ष यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात. म्हणून पोत्यावर, पेटीवर, पाइपवर छाप मारायचा असेल तर शिरोरेषा अक्षरागणिक तोडावी किंवा पोटाला बाजूने एक पूल ठेवावा. पूल अक्षराच्या रेषेच्या निम्म्या जाडीइतका ठेवला तर दिसायलाही बरा दिसतो आणि पत्राही वाकत नाही.

पेंटर बंधूंचे काम फ्लेक्सने हिरावले. गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवण्याचे कामही १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातील उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाल्यावर गेले. एम.एच. २८ झोकदार कोनदार आकड्यांत काढून देणारे हात रिकामे झाले. परंतु त्या हातांची किंमत ओळखणारी माणसेही निघाली. हनीफ कुरेशी या डिझायनरने (निधन २०२४) दिल्लीत रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकावर चालणारे फॉन्ट करण्याचे काम हाती घेतले आणि त्या फॉन्टांना त्या-त्या पेंटरचीच नावे दिली. 'पेंटर कफील' हा त्यातलाच एक. मुंबईत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावे उभा जन्म हाताने काढली आणि नाटक कोणत्या जातीचे आहे हे अक्षरावरून कळावे असा दर्जा त्या कामाला आणला. त्यांच्याकडे तयार फॉन्ट नव्हता. दर नावाला नवे अक्षर.

पेंटरने आज करायचे काम तेच आहे. फ्लेक्सवाला यादीतून अक्षर निवडून देतो, तेच अक्षर शेजारच्या चार दुकानांवर असते. पेंटर एका दुकानाच्या एका नावाकरिता अक्षर काढू शकतो. 'भाई' मधील भ ची फट किती उघडी ठेवायची, 'खान' मधील ख चा जोड किती खाली घ्यायचा, हे तो नावाप्रमाणे ठरवतो. फॉन्टला ते जमत नाही. कागदावर एकदा काढलेले नाव मोबाइलने फोटो घेऊन, संगणकावर रेषांत उतरवून घेतले की त्याचा फलकही होतो, बिलबुकही होते, पिशवीही होते आणि शटरवरचा रंगही. असे एक नाव काढून देण्याचा मोबदला फलकाच्या फुटाप्रमाणे सांगू नये. नावाचा म्हणून वेगळा सांगावा, आणि फाइल गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी घ्यावा.

फलक नक्की करण्यापूर्वी करावयाची शेवटची तपासणी अशी : ऑपरेटरकडून नाव साध्या कागदावर, जोडून-जोडून, फलकाच्या निम्म्या आकारात काळे-पांढरे छापून घ्यावे. दुकानाच्या शटरवर चिकटवावे. रस्ता ओलांडून, फलक जितक्या लांबून वाचला जावा असे वाटते त्याच्या निम्म्या अंतरावर उभे राहावे. सोबत घरातले एखादे तिसरी-चौथीतले मूल घ्यावे, कारण मोठी माणसे अक्षर न वाचता अंदाजाने नाव सांगतात आणि मूल जसे दिसते तसे वाचते. नाव मात्र त्याला आधी सांगू नये.